दर्शनी वीटकाम इमारतीला बांधून घेताना: टाय, फास्टनर आणि कामाचा क्रम

आरसीसी सांगाडा उभा राहतो, एएसी ब्लॉकच्या (हलक्या, छिद्रळ काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या) भिंती होतात आणि मग दर्शनी बाजूला भाजक्या विटांची वेगळी भिंत चढवायची ठरते. चार इंच जाडीची, मागच्या भिंतीपासून दोनेक इंच सुटी. भिंत ओळंब्यात असते, पॉइंटिंग सुबक असतं, फोटो झकास येतात. ती इमारतीला धरून कशी उभी आहे असं विचारलं की उत्तर येतं, 'बाइंडिंग वायर टाकलीय ना मधे मधे.'

गोंधळाचं मूळ एकच आहे. भिंतीचं वजन खाली जातं, ते पेलायला खाली बैठक लागते. वारा आणि भूकंप भिंतीला आडवं ढकलतात आणि ओढतात, ते सांभाळायला मागे टाय लागतात, म्हणजे दर्शनी भिंतीला मागच्या भिंतीशी जोडणारे धातूचे दुवे. टायवर वजन टाकायचं नसतं आणि आडवा जोर बैठकीच्या भरवशावर सोडायचा नसतो. पुढचा सगळा क्रम या भेदावर बेतलेला आहे.

विटांसारख्या दिसणाऱ्या टाइल चिकटवणं किंवा दगडी फरश्या क्लॅम्पवर टांगणं ही वेगळी कामं आहेत. त्यांचे हिशेब इथे लावू नका.

## टप्पा १: आकडे कागदावर आणा

१०० मिमी जाडीच्या वीटकामाचं वजन चौरस मीटरला साधारण १९० ते २०० किलो भरतं. म्हणजे तीन मीटर उंचीची भिंत धावत्या मीटरला सुमारे ६०० किलो. हा भार मूळ डिझाइनमध्ये धरला होता का, हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला लेखी विचारा. 'बीम मोठा आहे, चालून जाईल' हे उत्तर साइटवरच्या कुणाकडूनही घेऊ नका.

वाऱ्याचा हिशेब आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकातून येतो. तिथे मूळ वेग मुंबईसाठी सेकंदाला ४४ मीटर आहे, पुण्यासाठी ३९. वेगाचा वर्ग गुणिले ०.६ केलं की चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो: मुंबईला सुमारे ११६० न्यूटन, म्हणजे ११८ किलो, आणि पुण्याला ९३ किलोच्या आसपास. यावर उंची, मोकळं मैदान की दाट वस्ती, इमारतीचा आकार यांचे गुणक लागतात आणि ते इंजिनिअरच लावेल. आपल्या लक्षात ठेवायची गोष्ट अशी, की वारा भिंतीला फक्त ढकलत नाही, बाहेरही ओढतो, आणि ही ओढ इमारतीच्या कोपऱ्यांवर सर्वांत जास्त असते.

भूकंपाचंही विचारून घ्या. आयएस १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत मुंबई आणि पुणे झोन तीनमध्ये आहेत, कोयना परिसर झोन चारमध्ये. कराड-पाटण-चिपळूण पट्ट्यात काम असेल तर पुण्याच्या साइटवरचं ड्रॉइंग उचलून नेऊ नका.

इंजिनिअरकडून ड्रॉइंगवर या गोष्टी हव्यात: वजन कुठे बसणार, टाय कोणत्या प्रकारचे आणि किती अंतरावर, टाय मागे पकडणारे बोल्ट किंवा प्लग, म्हणजे फास्टनर, कशात बसणार (काँक्रीट की ब्लॉक), आणि भिंत फुगायला जागा देणारे हलणारे सांधे कुठे सोडायचे. यातली एक जरी जागा कोरी असेल तर वीट मागवू नका.

## टप्पा २: टाय आणि फास्टनरची खरेदी

भिंत पूर्ण झाली की टाय कायमचा नजरेआड जातो. तो गंजला तरी कळत नाही, कळतं तेव्हा भिंतीला पोट आलेलं असतं. म्हणून इथे काटकसर नको. कोकण, मुंबई, गोवा, म्हणजे खाऱ्या हवेचा सगळा भाग: ३१६ ग्रेडचं स्टेनलेस. घाटावर ३०४ चालतं. जीआयचा (जस्त चढवलेल्या लोखंडाचा) पर्याय ड्रॉइंगवर असेल तर तो टाय कापून, वाकवून झाल्यानंतर गरम जस्तात बुडवलेला हवा. जीआयची तार आणून साइटवर कापली तर कापलेली टोकं उघडीच राहतात आणि गंज तिथूनच शिरतो.

बाजारात एक फसगत हमखास होते. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, चिकटला नाही की 'बघा, ओरिजिनल एसएस.' पण स्वस्तातलं २०२ ग्रेडही चुंबकाला चिकटत नाही. उलट ३०४ ची तार वाकवली की वाकाच्या जागी चुंबक थोडा धरू शकतो. चुंबकावरून ग्रेड ठरत नाही. मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे कारखान्याचा तपासणी दाखला मागा, आणि मोठी ऑर्डर असेल तर दोन-चार नग लॅबला पाठवा.

टाय एका भागाचे किंवा दोन भागांचे मिळतात. दोन भागांचा घ्या: मागे भिंतीला बसणारी पट्टी, आणि तिच्यात अडकून वर-खाली सरकणारा तारेचा हूक. विटांचा थर नेमका फास्टनरच्या उंचीवर येत नाही, आणि एका भागाचा टाय असला की गवंडी तो ठोकून वाकवतो. दोन भागांच्या टायमध्ये हूक सरकवला की काम झालं. मात्र सरकण्यालाही मर्यादा आहे. हूक पट्टीपासून ३० मिमीपेक्षा जास्त वर-खाली लोंबला की जोर आल्यावर तो वाकतो. आणि पट्टी-हूकच्या जोडात आत-बाहेर खुळखुळणारी मोकळीक दीड मिमीच्या वर नको.

सावधान: स्टेनलेसचा टाय आणि साध्या लोखंडाचा बोल्ट अशी जोडी लावू नका. ओल पोहोचली की बोल्ट झपाट्याने गंजतो. पट्टी, बोल्ट, वॉशर सगळं एका जातीचं हवं.

## टप्पा ३: मागची भिंत मोजा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात, आणि टायची लांबी चुकते ती इथेच.

ड्रॉइंगवर पोकळी, म्हणजे दोन भिंतींमधली मोकळी जागा, ५० मिमी लिहिलेली असते. साइटवर कॉलम थोडा आत, बीम थोडा बाहेर, ब्लॉकची भिंत तिसरीच. वरच्या स्लॅबपासून ओळंबा सोडा, दर सव्वा-दीड मीटरला मागच्या भिंतीपर्यंतचं अंतर मोजा आणि आकडे भिंतीवरच खडूने लिहा. काही ठिकाणी ३० मिमी निघेल, काही ठिकाणी ७५.

आता टायची लांबी. टाय विटांच्या मालात (सांध्यातल्या सिमेंट-वाळूच्या मिश्रणात) किमान ५० मिमी रुतायला हवा. मी ६० धरतो, कारण साइटवर पाच-दहा मिमी इकडे-तिकडे होतातच. विटेच्या बाहेरच्या तोंडापासून तो किमान २० मिमी आत राहायला हवा. वीट ९० किंवा १०० मिमीची असेल तर दोन्ही अटी सहज जमतात. पोकळी ५० असेल तिथे मागच्या भिंतीबाहेर ११० मिमी टाय हवा, पोकळी ७५ निघाली तिथे १३५. एकाच लांबीचे टाय सगळीकडे लावले तर रुंद पोकळीच्या जागी तो विटेत जेमतेम ३५ मिमी जातो.

३५ आणि ५० मधला फरक किती महागात पडतो याचं उदाहरण एडिंबराचं आहे. २९ जानेवारी २०१६ रोजी वादळी वाऱ्यात तिथल्या ऑक्सगँग्ज प्राथमिक शाळेच्या भिंतीची बाहेरची बाजू कोसळली, सुमारे नऊ टन वीटकाम. शाळा भरायच्या आधीची वेळ होती म्हणून मुलं वाचली. चौकशीत निघालं ते हेच: टाय होते, पण पुरेसे रुतलेले नव्हते, पोकळी ठरल्यापेक्षा रुंद झाली होती. त्यानंतर शहरातल्या १७ शाळा तपासणीसाठी बंद ठेवाव्या लागल्या.

मोजणी चालू असतानाच मागची ब्लॉकची भिंत स्वतः कॉलमला बांधलेली आहे का तेही पाहा. ब्लॉक आणि कॉलममध्ये उभी भेग दिसत असेल तर आधी ती भिंत पक्की करून घ्या. ढिल्या भिंतीला कितीही टाय मारले तरी त्यांना आधार मिळत नाही.

तपासणी: भिंतीवर पोकळीचे आकडे लिहिलेत का? त्यावरून किती टाय कोणत्या लांबीचे, याची यादी झाली का? मागच्या भिंतीचं वॉटरप्रूफिंग पूर्ण होऊन वाळलंय का? कॉलम-बीमच्या कडा त्यावर रंगाने आखल्यात का? गिलाव्याखाली काँक्रीट कुठे संपतं हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

## टप्पा ४: वजनाची बैठक

तळाशी भिंत जोत्याच्या काँक्रीटवर बसते. तिथे विटेच्या जाडीचा किमान दोन तृतीयांश भाग टेकलेला हवा. १०० मिमी विटेचे ३३ मिमीपेक्षा जास्त बाहेर लोंबत असतील तर काँक्रीट वाढवा. माल थापून वाढवलेली रुंदी ही बैठक होत नाही.

वरच्या मजल्यांसाठी प्रत्येक स्लॅबला शेल्फ अँगल लागतो, म्हणजे बीमला बोल्टने धरलेला लोखंडी कोन. त्यावर त्या मजल्याची भिंत बसते. अँगलचे तुकडे एकमेकांना भिडवू नका, दोन तुकड्यांत १० मिमी फट सोडा. बीम वाकडा असेल तर अँगलमागे पूर्ण उंचीच्या स्टीलच्या चकत्या घाला. साइटवर प्लायचा तुकडा, विटेची खपली, जे हाताशी येईल ते घातलं जातं. ते दबलं की अँगल पुढे झुकतो.

आता सर्वांत जास्त चुकणारी जागा. अँगलच्या खाली, म्हणजे खालच्या मजल्याच्या शेवटच्या थराच्या वर, १० ते १२ मिमी फट मोकळी ठेवायची आणि ती मालाने भरायची नाही. भाजकी वीट भट्टीतून निघाल्यावर हवेतली ओल घेत हळूहळू फुगते आणि परत आक्रसत नाही. काँक्रीटचा सांगाडा उलट वर्षानुवर्षं किंचित आखूड होत जातो. भिंत वाढतेय, सांगाडा बसतोय, मधे माल घट्ट भरलेला: मग वरच्या मजल्याचं वजन अँगलवरून खालच्या भिंतीवर उतरतं आणि तिला पोट येतं. गवंड्याला ही फट अपुरं काम वाटते आणि पॉइंटिंग करताना तो ती प्रेमाने भरून टाकतो. त्याला आधीच सांगा, आणि का तेही सांगा.

तपासणी: सीलंट भरण्याआधी पातळ स्टीलची पट्टी फटीत घालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवा. जिथे अडेल तिथे माल आहे, तो खरवडून काढा.

## टप्पा ५: टायची आखणी

ब्रिटनमधली जुनी रीत चौरस मीटरला अडीच टाय, आडवं अंतर ९०० आणि उभं ४५० मिमी, अशी आहे. अमेरिकेच्या टीएमएस ४०२ संहितेत दोन भागांच्या एका टायमागे जास्तीत जास्त ०.२५ चौरस मीटर, म्हणजे चौरस मीटरला चार. इंजिनिअरने वेगळं सांगितलं नसेल तर कडक आकडा धरा. कारागिरीत तूट येणारच आहे, ती धरूनच चाललेलं बरं.

अंतर मिलिमीटरमध्ये न आखता थरांत आखा. वीट ७५ मिमी उंच, माल १० मिमी, म्हणजे एक थर ८५. पाच थर घेतले तर ४२५ मिमी, आडवं ६०० धरलं तर ०.२५५ चौरस मीटर होतात. मर्यादा ओलांडली. म्हणून चार थर: ३४० गुणिले ६००, ०.२०४ चौरस मीटर. चौरस मीटरला पाचच्या जवळ टाय. मॉड्युलर वीट ९० मिमीची असेल तर चार थरांचे ४०० मिमी होतात, ०.२४ मध्ये बसतं. एक ओळ सोडून पुढची ओळ अर्ध्या अंतराने सरकवा.

मुंबईचा दाब धरला तर यातल्या एका टायवर २४ किलोच्या आसपास ओढ येते. आकडा किरकोळ वाटतो, पण ओढ सगळ्या टायवर सारखी वाटली जात नाही. घट्ट बसलेला टाय आधी ताणला जातो, ढिला मागे राहतो, आणि कोपऱ्यांवरची ओढ याच्या वरची आहे.

जास्तीचे टाय इथे लागतात:

- खिडक्या-दारांच्या कडांपासून २२५ मिमीच्या आत, दर तिसऱ्या थराला.
- हलणाऱ्या सांध्याच्या दोन्ही बाजूंना, त्याच अंतराने.
- इमारतीच्या कोपऱ्यांवर.
- शेल्फ अँगलखालच्या शेवटच्या दोन-तीन थरांत, आणि पॅरापेटला. वरची कड मोकळी असते आणि तिथे पाणी-वारा दोन्ही लागतो.

आखणी झाली की थरांच्या खुणा केलेली लाकडी पट्टी भिंतीला लावून प्रत्येक टायची जागा मागच्या भिंतीवर फुलीने दाखवा आणि फुल्या मोजून ठेवा. हा आकडा पुढे उपयोगी पडेल.

## टप्पा ६: फास्टनर बसवणं

काँक्रीटमध्ये. फास्टनरची खोली काँक्रीटच्या तोंडापासून मोजायची. वर २० मिमी गिलावा असेल तर ६० मिमीचा फास्टनर काँक्रीटमध्ये फक्त ४० मिमी शिरतो. गिलाव्यात रुतलेली लांबी शून्य धरा. ड्रिल करताना सळई लागली तर भोक बाजूला घ्या. सळई कापायची नाही, आणि अर्ध्या भोकात फास्टनर ठोकायचा नाही. अर्धवट भोक बिनआकुंचनाच्या ग्राउटने बुजवा. कॉलमच्या कडेच्या फार जवळ फास्टनर घट्ट केला तर काँक्रीटची खपली उडते. कडेपासूनचं अंतर कंपनीच्या तक्त्यात दिलेलं असतं, तो तक्ता पायाडावर टांगून ठेवा.

फास्टनर भोकात चिकटवणारं केमिकल वापरत असाल तर भोक स्वच्छ करणं हेच अर्धं काम. हवा मारा, तारेचा ब्रश फिरवा, परत हवा मारा, परत ब्रश, परत हवा. धूळ राहिली की केमिकल धुळीला चिकटतं आणि काँक्रीटला शिवतच नाही. फास्टनर हाताने ओढला तर घट्ट वाटतो, जोर आला की धुळीच्या नळीसकट बाहेर येतो. ट्यूबमधून आलेला पहिला माल, एकसारखा रंग येईपर्यंत, फेकून द्या.

एएसी ब्लॉकमध्ये. फुगणारा धातूचा फास्टनर एएसीत चालत नाही. तो फुगतो तसा ब्लॉक आतून चुरगळतो. ड्रिलचा हॅमर (ठोका) बंद ठेवून भोक पाडा, आणि एएसीसाठीच बनवलेला प्लग किंवा केमिकल वापरा. माझं मत विचाराल तर एएसीवर टाय सुटे लावूच नका. बीमपासून बीमपर्यंत उभे चॅनल लावून घ्या, वर-खाली काँक्रीटला पकडलेले, आणि टायचे हूक त्या चॅनलमध्ये सरकवा. खर्च थोडा वाढतो, पण जोर थेट सांगाड्यात जातो आणि थराची उंची जुळवण्याची कटकट मिटते.

फास्टनरने वॉटरप्रूफिंगला भोक पाडलेलं असतं. प्रत्येक पट्टीमागे सीलंट लावा.

## टप्पा ७: ओढून पाहा

वीटकाम सुरू होण्याआधी फास्टनर ओढण्याची चाचणी घ्या. हातात धरायचं छोटं हायड्रॉलिक यंत्र असतं, फास्टनर पुरवणारे बहुतेक जण ते घेऊन येतात. किती जोर लावायचा आणि किती नग तपासायचे हे इंजिनिअर ठरवेल. नग मात्र तुम्ही निवडा, ठेकेदाराला निवडू देऊ नका. काँक्रीट, ब्लॉक, चॅनल यांतले वेगवेगळे घ्या, आणि संध्याकाळी घाईत बसवलेले जरूर घ्या. एक नग निसटला तर तो बदलून पुढे जाऊ नका. त्याच दिवशी, त्याच माणसाने बसवलेले सगळे तपासा.

## टप्पा ८: पाण्याची वाट

पाऊस विटांच्या भिंतीतून आत येतो. कोकणात तो येणारच हे गृहीत धरा. पोकळीत उतरलेलं पाणी बाहेर काढायची सोय पहिला थर लागण्याआधी हवी.

जोत्यावर, प्रत्येक शेल्फ अँगलवर आणि प्रत्येक खिडकीच्या लिंटेलवर (खिडकीवरच्या आडव्या तुळईवर) फ्लॅशिंगची, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पट्टी घाला. मागच्या भिंतीवर ती १५० ते २०० मिमी वर चढलेली हवी, पुढे विटेच्या तोंडापर्यंत आलेली हवी. खिडकीवरच्या पट्टीची टोकं वर दुमडा, नाहीतर पाणी बाजूने घसरून चौकटीत शिरतं. पट्टीच्या लगेच वरच्या थरात दर ६०० मिमीला एक उभा सांधा रिकामा सोडा, आत बारीक जाळी.

## टप्पा ९: वीटकाम आणि टाय, एकाच वेळी

विटा भिजवलेल्या हव्यात, कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते आणि टायभोवतीचा माल भुसभुशीत राहतो. माल फार कडकही नको, सिमेंट-चुना-वाळू १:१:६ बरं पडतं.

टाय रुतवायचा क्रम असा:

१. विटांच्या थरावर पूर्ण रुंदीत माल पसरा.
२. हूक त्या मालात दाबा, माल वर-खाली दोन्हीकडून लागला पाहिजे.
३. हूकवर थोडा माल टाका आणि पुढची वीट बसवा.

कोरड्या विटेवर टाय ठेवून वर माल टाकला तर टायच्या खालून पकड राहत नाही. टायचा उतार नेहमी बाहेरच्या विटेकडे, किंवा निदान तो सपाट हवा. आत झुकलेल्या टायवरून पाणी मागच्या भिंतीपर्यंत थेंब-थेंब जातं. माल आवळायला लागला की टायला हात लावायचा नाही, आणि वीट बसल्यावर ती ठोकून सरळही करायची नाही. हलवलेला टाय मालात सुटा पडतो. वीट वाकडी बसली असेल तर ती काढा, माल काढा, परत लावा.

पोकळीत पडणारा माल ही पुढची डोकेदुखी. पोकळीच्या रुंदीची लाकडी पट्टी दोन्ही टोकांना दोरी बांधून टायच्या ओळीवर टेकवून ठेवा. पुढच्या टायची ओळ आली की पट्टी वर ओढा, तिच्यावर साठलेला माल काढा, टाय लावा, पट्टी परत टाका. तळाच्या थरातल्या काही विटा सुट्या ठेवा. रोज संध्याकाळी तिथून पडलेला माल काढून घ्या आणि टॉर्च लावून वर बघा. टायवर मालाचे गोळे बसले असतील तर तिथून ओल पलीकडे जाईल. या विटा सर्वांत शेवटी लावायच्या.

एका दिवसात मीटरभरापेक्षा जास्त भिंत चढवू नका. ओल्या, पातळ भिंतीला खालचे टाय अजून धरत नसतात, आणि संध्याकाळचा वारा पुरेसा असतो. किमान सात दिवस पाणी मारा.

जांभ्याचं दर्शनी काम असेल तर एक भर. चिरा छिद्रळ आणि मऊ, त्यात भोक पाडून टाय धरवू नका, टाय आडव्या सांध्याच्या मालातच. कापलेल्या चिऱ्याची फळी ५० मिमी जाडीची असेल तर तिच्या सांध्यात टाय ५० मिमी रुतून पुढे २० मिमी झाकला जाणं शक्यच नाही. अशा फळीला ही पद्धत लागू होत नाही. एकतर चिरा जाड घ्या, नाहीतर क्लॅम्पची पद्धत डिझाइन करून घ्या.

मजुरीबद्दल. गवंड्याचा दर चौरस फुटावर असतो, आणि प्रत्येक टाय त्याचा वेळ खातो. मग टाय गाळले जातात, यात नवल काय? टाय वेगळे, नगावर मोजा आणि त्याचे पैसे वेगळे द्या. शंभर चौरस मीटर भिंतीला पाचशेच्या आसपास टाय संपायलाच हवेत. भिंत पूर्ण झाली आणि खोक्यात दोनशे शिल्लक असतील तर ते दोनशे भिंतीत नाहीत. फुल्यांचा आकडा आणि खोक्याचा हिशेब दर आठवड्याला ताडून पाहा, आणि प्रत्येक ओळ झाकण्याआधी टेप धरून फोटो काढा.

## टप्पा १०: हलणारे सांधे

लांब भिंतीला सहा ते साडेसात मीटरला एक उभा सांधा लागतो. कोपऱ्याजवळ एक हवाच, कारण दोन बाजूंच्या भिंती फुगून एकमेकींना कोपऱ्यातून बाहेर ढकलतात. सांध्यात माल नाही, फक्त बॅकर रॉड (फटीत दाबायची फोमची दोरी) आणि सीलंट. टाय सांध्यातून आरपार जाऊ देऊ नका. इमारतीचा स्वतःचा एक्स्पान्शन जॉइंट जिथे आहे तिथे वीटकामातही सांधा आलाच पाहिजे.

## भिंत आधीच बांधून झाली असेल तर

मेटल डिटेक्टर फिरवून टाय आहेत का ते बघा. काही निघाले तर एखादी वीट काढून टाय किती रुतलाय आणि किती गंजलाय ते पाहा. टाय नसतील किंवा कमी असतील तर बाहेरून, मालाच्या सांध्यातून भोक पाडून पिळाचे स्टेनलेस टाय मागच्या काँक्रीटपर्यंत बसवता येतात. कुठे आणि किती, हे इंजिनिअरने ठरवायचं. नव्या टायचीही ओढण्याची चाचणी घ्यायची.

भिंतीला पोट आलेलं दिसत असेल, शेल्फ अँगलखालच्या विटा तडकल्या असतील किंवा कोपऱ्यावर उभी भेग रुंदावत असेल तर भिंतीखालची जागा ताबडतोब मोकळी करा, बॅरिकेड लावा. पोट आलेल्या भिंतीवर ड्रिल मारणं धोक्याचं आहे. आधी आधार, मग वरून खाली एकेक थर उतरवणं, आणि नवीन भिंत पहिल्या टप्प्यापासून. भेगेत माल भरून वर रंग मारून घेतला, तर पुढच्या पावसाळ्याआधी ती भेग कुठवर गेली हे दिसायचंही बंद होतं.